फ्रेंच भाषेंतील ‘हा, ही, हें’

शाळेंत किंवा कॉलेजांत भाषेचा विषय म्हणून संस्कृत घ्यावें कीं फ्रेंच, हा प्रश्न हल्लीं आपल्या पुष्कळ घरांतून जूनच्या आरंभीं उपस्थित होतो, आणि बहुधा गुणांच्या हिशेबावर सुटतो. फ्रेंच घेतल्याबद्दल मुलांना बोल लावण्याचा ह्या लेखाचा हेतु नाहीं. परंतु त्या निर्णयानंतर घरांत जें घडतें तें मात्र विचार करण्याजोगें आहे. संस्कृताचें पुस्तक उघडलें असतां आजोबा किंवा आजी जवळ येऊन बसत. फ्रेंचचें पुस्तक उघडलें कीं तींच वडील माणसें ‘हें आमच्या आवाक्याबाहेरचें’ असें म्हणून उठून जातात. मूल इंग्रजींत लिहिलेलें व्याकरण घेऊन एकटें बसतें, रूपांचीं कोष्टकें घोकतें, आणि परीक्षा झाली कीं विसरतें.

वडील माणसांच्या ह्या माघारीला कांहीं कारण नाहीं, असें माझें मत आहे. ज्याला मराठींतील ‘हा, ही, हें’ नीट येतें, आणि ज्यानें लहानपणीं शब्दरूपावलि म्हटली आहे, त्याला फ्रेंच भाषेंतील दर्शक विशेषणें इंग्रजीच्या वाटेनें जाणाऱ्यापेक्षां लवकर व अधिक पक्कीं समजतात. हें केवळ स्वभाषेच्या अभिमानाचें बोलणें नव्हे; पुढील विवेचनावरून वाचकांस तें पडताळून पाहतां येईल. मी आयुष्यभर शाळेंत संस्कृत शिकविलें, आणि निवृत्त झाल्यावर नातीच्या पुस्तकावरून फ्रेंचचा श्रीगणेशा केला. तेव्हां पंडिताच्या अधिकारानें नव्हे, तर एक बांक पुढें बसलेल्या विद्यार्थ्याच्या नात्यानें हें लिहीत आहें.

चार रूपें

नामापूर्वीं येणारें फ्रेंच दर्शक विशेषण चार रूपांत आढळतें.

पहिलें ‘स’. लिहितांना सी आणि ई हीं दोन अक्षरें. उच्चार आपल्या ‘स’सारखाच, फक्त ओठ किंचित् गोल करावयाचे. पुल्लिंगी एकवचनी शब्दाचा आरंभ व्यंजनानें होत असेल तर हें रूप येतें: ‘स गार्सों’ म्हणजे हा मुलगा, ‘स लीव्र’ म्हणजे हें पुस्तक.

दुसरें ‘सेत’. लिहितांना सी, ई, टी. हेंही पुल्लिंगी एकवचनाचेंच, परंतु पुढें स्वर असला म्हणजे येतें: ‘सेत आमी’ हा मित्र, ‘सेत आर्ब्र’ हें झाड. बोलतांना दोन्ही शब्द जोडून ‘सेतामी’, ‘सेतार्ब्र’ असे होतात.

तिसऱ्याचा उच्चारही ‘सेत’च, पण लिहितांना सी, ई, टी, टी, ई. हें स्त्रीलिंगी एकवचनाचें रूप. पुढें स्वर असो वा व्यंजन, तें बदलत नाहीं: ‘सेत फीय’ ही मुलगी, ‘सेत मेझों’ हें घर, ‘सेत एकॉल’ ही शाळा.

चौथें ‘से’. लिहितांना सी, ई, एस. दोन्ही लिंगांच्या अनेकवचनाला हें एकच रूप पुरतें: ‘से लीव्र’ हीं पुस्तकें, ‘से मेझों’ हीं घरें.

आणखी एक गोष्ट प्रारंभींच ध्यानांत धरावी. फ्रेंच नाम सहसा उपपदावांचून येत नाहीं. ‘ल लीव्र’, ‘ला मेझों’ असें तें म्हटलें जातें. दर्शक विशेषण आलें कीं तें ह्या उपपदाची जागा घेतें. दोन्ही एकत्र कधींही येत नाहींत.

लिंगाचा प्रश्न

इंग्रजीच्या वाटेनें येणाऱ्यास पहिली ठेंच येथेंच लागते. ‘धिस बॉय, धिस गर्ल, धिस हाउस’ असें म्हणणाऱ्याला, बोट दाखविण्याच्या शब्दानें पुढच्या नामाचें लिंग कां पाळावें, हेंच प्रथम समजून घ्यावें लागतें. मराठी मुलाला तें समजावून सांगण्याची गरज नाहीं. ‘हा मुलगा, ही मुलगी, हें घर’ असें तें शाळेंत जाण्यापूर्वींच बोलूं लागतें. फ्रान्समधील मुलाचीही तीच रीत.

मात्र आपल्यापुढें दुसरा खळगा आहे. आपण मराठीचें लिंग फ्रेंचमध्यें नेऊं पाहतों. फ्रेंचमध्यें लिंगें दोनच. लॅटिनमध्यें आपल्याप्रमाणें तीन होतीं. पुढें नपुंसकलिंग मोडलें व त्यांतील बहुतेक शब्द पुल्लिंगांत गेले. त्यामुळें आपलें ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी, पण ‘लीव्र’ पुल्लिंगी. आपलें ‘घर’ नपुंसकलिंगी, पण ‘मेझों’ स्त्रीलिंगी. आपला ‘चंद्र’ पुल्लिंगी, पण ‘ल्यून’ स्त्रीलिंगी. झाडाचा लॅटिन शब्द तर मुळांत स्त्रीलिंगी होता, तो फ्रेंचमध्यें येतां येतां पुल्लिंगी झाला!

संस्कृत शिकलेल्यास ह्याचें नवल वाटूं नये. पत्नी ह्या एकाच अर्थाचे ‘दाराः’ पुल्लिंगी (तोही अनेकवचनी), ‘भार्या’ स्त्रीलिंगी आणि ‘कलत्रम्’ नपुंसकलिंगी, असे तीन शब्द आपण निमूटपणें पाठ केलेच कीं नाहीं? शब्दाचें लिंग वस्तूंत नसून भाषेच्या व्यवहारांत असतें, हा धडा आपल्या अंगवळणीं पडलेला आहे. म्हणून फ्रेंच नाम एकटें पाठ करूं नये. दर्शक विशेषणासह करावें. ‘मेझों म्हणजे घर’ असें न म्हणतां ‘सेत मेझों’ असें म्हणावें. ज्या नामांचा आरंभ स्वरानें होतो त्यांच्या बाबतींत मात्र ही युक्ति लंगडी पडते, कारण ‘सेत आमी’ व ‘सेत एकॉल’ ह्यांतील ‘सेत’ कानाला सारखेंच लागतें. तेथें ‘एक’ ह्या अर्थाचें उपपद लावावें. ‘अं’ आलें तर पुल्लिंग, ‘युन’ आलें तर स्त्रीलिंग.

व्यंजनापुढील लोप

‘पुढें स्वर आला म्हणजे स ह्या रूपाला त जोडावा’ असें प्राथमिक पुस्तकें सांगतात. व्यवहाराला हा नियम पुरतो. इतिहास मात्र उलट आहे. तो ‘त’ मुळांत होताच. व्यंजनापुढें तो गळून पडला, स्वरापुढें टिकला.

हें ऐकून संस्कृतज्ञास ‘सः’ आणि ‘एषः’ ह्यांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. ‘सः’ ह्याचा विसर्ग व्यंजनापुढें राहत नाहीं. आपण ‘स गच्छति’, ‘एष बालः’ असें म्हणतों. पाणिनीनें ह्यासाठीं अष्टाध्यायींत (६।१।१३२) स्वतंत्र सूत्र केलें असून तें तद् आणि एतद् ह्या दोन दर्शक सर्वनामांपुरतेंच आहे. त्याचा परिणाम दिसतो तोही पुल्लिंगी प्रथमेच्या एकवचनांत. फ्रेंचमध्येंही शब्दाची जात तीच, लिंग तेंच, वचन तेंच, आणि लोपाचें निमित्तही तेंच, म्हणजे पुढचें व्यंजन. एका भाषेनें हें दुसरीकडून घेतलें असें कोणीं समजूं नये. तुलना फार ताणूंही नये, कारण संस्कृतांत ‘अ’खेरीज इतर स्वरांपुढेंही हा विसर्ग दुसऱ्या नियमानें जातो. तथापि ज्याच्या जिभेवर ‘स गच्छति’ बसलें आहे त्याला ‘स गार्सों’ परकें वाटण्याचें कारण नाहीं.

संधीचा दुसरा धडाही येथें उपयोगी पडतो. संधि होतो तो लगतच्या वर्णाशीं. अर्थाच्या नात्याशीं त्याला कर्तव्य नाहीं. म्हणून नामापूर्वीं दुसरें विशेषण आलें तर नामाकडे न पाहतां त्या विशेषणाकडे पाहावें. ‘सेत ऑम’ म्हणजे हा मनुष्य; पण ‘ग्रां’ म्हणजे थोर हा शब्द मध्यें आला कीं ‘स ग्रांतॉम’. उलट ‘स लीव्र’ हें पुस्तक; पण ‘एनॉर्म’ म्हणजे प्रचंड हा शब्द मध्यें आला कीं ‘सेत एनॉर्म लीव्र’. परीक्षेंत गुण जातात ते बहुधा ह्या ठिकाणीं.

मुका ‘ह’

फ्रेंच लोक एच् हें अक्षर लिहितात, पण उच्चारीत नाहींत. त्यामुळें ‘ऑम’ (मनुष्य), ‘ओतेल’ (हॉटेल), ‘ओपिताल’ (इस्पितळ) हे शब्द एच् ह्या अक्षरानें लिहिले जात असले तरी कानाला स्वरादिच आहेत, आणि त्यांच्यापूर्वीं ‘सेत’ येतें.

परंतु कांहीं शब्द असे आहेत कीं त्यांतील एच् उच्चारला जात नाहीं, तरी तो संधि होऊं देत नाहीं. ‘स एरो’ हा वीर, ‘स ईबू’ हें घुबड, ‘स आरिको’ हा घेवडा. ऐकणाऱ्यास दोन स्वर लगत आलेले दिसतात, पण ते जुळत नाहींत. अशा शब्दांपैकीं पुष्कळ शब्द फ्रॅंक लोकांच्या जर्मानिक बोलीतून आलेले आहेत. तेथें ‘ह’ एके काळीं खरोखरच उच्चारला जात असे. पुढें ध्वनि गेला, पण त्याचा पहारा राहिला. मुलास हा प्रकार अन्यायाचा वाटतो. त्याला आपला ‘प्रगृह्य’ दाखवावा. ‘मुनी इमौ’ येथें दोन इकार समोरासमोर असूनही संधि होत नाहीं. ‘अमी अश्वाः’ येथेंही होत नाहीं, आणि हें ‘अमी’ तर दर्शक सर्वनामाचेंच रूप आहे. संधि न होणारे शब्द आपण जसे यादीनें पाठ केले, तसेच हेही करावे. शब्दकोशांत ते बहुधा खूण करून वेगळे दाखविलेले असतात.

अनेकवचन कानानें ओळखावें

फ्रेंच अनेकवचनाचा एस् बहुधा मुका असतो. ‘लीव्र’ एक असो वा दहा असोत, उच्चार तोच. ऐकणाऱ्यास संख्या कळते ती ‘स लीव्र’ कीं ‘से लीव्र’ ह्यावरून. मराठींतही असेंच नाहीं काय? ‘हा दगड, हे दगड’, ‘हा हात, हे हात’ ह्यांत नाम जागचें हालत नाहीं. संख्येचा सगळा भार ‘हा’ आणि ‘हे’ ह्यांवर असतो.

पुढें स्वर आला म्हणजे ‘से’ ह्यांतील मुका एस् जागा होतो व ‘माझा’ ह्या शब्दांतील झसारखा ऐकूं येतो: ‘सेझांफां’ हीं मुलें, ‘सेझॉम’ हीं माणसें. वर सांगितलेल्या पहारेकरी एच्-पुढें मात्र तो निजलेलाच राहतो. हे वीर म्हणावयाचे असेल तर ‘से एरो’ असें तोडून म्हणावें. उत्साहाच्या भरांत ‘सेझेरो’ असें जोडून म्हटलें तर त्याचा अर्थ ‘हीं शून्यें’ असा होतो, आणि बिचाऱ्या वीरांची शून्यांत गणना होते!

लिहितांना आणखी एक सावधगिरी हवी. ‘त्याचीं’ किंवा ‘तिचीं’ ह्या अर्थाचा शब्दही ‘से’ असाच उच्चारला जातो, पण तो एस्, ई, एस् असा लिहितात. फ्रान्समधील शाळकरी मुलेंही श्रुतलेखनांत येथें अडखळतात. उपाय सोपा आहे. तेंच वाक्य एकवचनांत म्हणून पाहावें. ‘स’ किंवा ‘सेत’ आलें तर सी लिहावा. ‘सों’ किंवा ‘सा’ आलें तर एस् लिहावा.

जवळ आणि दूर

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ‘स’ म्हणजे ‘हा’ असें आतांपर्यंत सोयीसाठीं लिहिलें. वस्तुतः ‘स’ म्हणजे ‘हा’ही आणि ‘तो’ही. ‘स लीव्र’ ह्याचा अर्थ प्रसंगानुसार ‘हें पुस्तक’ किंवा ‘तें पुस्तक’ असा होतो. फ्रेंच दर्शक बोट दाखवितें, अंतर सांगत नाहीं. अंतर सांगावयाचेंच असेल तर नामाच्या शेवटीं ‘सी’ किंवा ‘ला’ हा शब्द जोडतात: ‘स लीव्र-सी’ हें इकडचें पुस्तक, ‘स लीव्र-ला’ तें तिकडचें पुस्तक.

मराठींत आपल्याला ‘हा’ किंवा ‘तो’ ह्यांतून निवड करावीच लागते. संस्कृत तर ह्या बाबतींत फारच काटेकोर. इदम् जवळच्यासाठीं, एतद् त्याहून जवळच्यासाठीं, अदस् दूरच्यासाठीं आणि तद् दृष्टीआडच्यासाठीं, असा भेद सांगणारी कारिका जुन्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं असे. लॅटिनमध्यें अशा तीन पायऱ्या होत्या: बोलणाऱ्याजवळचा ‘हिक’, ऐकणाऱ्याजवळचा ‘इस्ते’ आणि दोघांपासून दूरचा ‘इल्ले’. लोकांच्या बोलण्यांत ‘इस्ते’ आणि ‘इल्ले’ ह्यांच्यापूर्वीं ‘एक्के’ म्हणजे ‘पाहा’ हा शब्द लागूं लागला. आपण ‘हा पाहा’ म्हणतों, ते ‘पाहा हा’ म्हणूं लागले. ह्याच ‘पाहा हा’ची झीज होऊन जुन्या फ्रेंचमध्यें जवळचा ‘सिस्त’ आणि दूरचा ‘सिल’ अशीं दोन कुळें झालीं.

फ्रेंच भाषेचा सर्वांत जुना लेख म्हणून जो मानला जातो त्यांतही हा शब्द आहे. इ. स. ८४२ मध्यें स्ट्रासबुर्ग येथें शार्लमान बादशहाचे दोन नातू, जर्मन लुई आणि टकल्या शार्ल, ह्यांनीं आपला भाऊ लोथार ह्याच्याविरुद्ध एकमेकांस साह्य करण्याच्या शपथा घेतल्या. लुईनें शार्लच्या सैन्याला समजावें म्हणून त्यांच्या लोकभाषेंत शपथ घेतली, आणि तींत भावाचा उल्लेख करतांना ‘सिस्त’ हा शब्द वापरला.

पुढें ह्या दोन कुळांतील अंतराचा भेद मावळला. ‘सिस्त’चें कुळ नामापूर्वीं येणारें विशेषण झालें, तेंच आपण शिकत आहों. ‘सिल’चें कुळ नामावांचून येणारें सर्वनाम झालें, ‘सलुई’ व ‘सेल’ हीं रूपें विद्यार्थ्यास पुढील इयत्तेंत भेटतील. आणि ‘पाहा’ न लागलेला मूळचा ‘इल्ले’ झिजत झिजत ‘ल’ आणि ‘ला’ हें उपपद झाला. जवळ-दूर सांगण्याची शक्ति अशी गेल्यावर भाषेनें ‘सी’ आणि ‘ला’ हे नवे शब्द मागून जोडून ती उणीव भरून काढली. भाषा एका हातानें टाकते आणि दुसऱ्या हातानें उचलते, ह्याचें हें सुबोध उदाहरण आहे. नवशिक्यानें मात्र दोन वस्तूंत विरोध दाखवावयाचा असेल तेव्हांच हीं शेपटें जोडावीं. एरवीं साधें रूप पुरेसें आहे.

‘हें माझें पुस्तक’

मराठी मुलाच्या हातून हटकून होणारी एक चूक येथें सांगितली पाहिजे. आपण ‘हें माझें पुस्तक’ असें सहज म्हणतों, म्हणून मूल ‘स मों लीव्र’ असें लिहितें. आजच्या फ्रेंचमध्यें हें चालत नाहीं. दर्शक आणि स्वामित्वदर्शक ह्यांपैकीं नामापूर्वीं एकच बसूं शकतें: ‘स लीव्र’ तरी म्हणावें, नाहीं तर ‘मों लीव्र’. दोन्ही अर्थ हवे असतील तर ‘स लीव्र ए आ म्वा’, म्हणजे हें पुस्तक माझें आहे, असें पुरें वाक्य करावें. गंमत अशी कीं, स्ट्रासबुर्गच्या शपथेंत लुई ‘हा माझा भाऊ शार्ल’ असेंच म्हणतो. आपल्या मुलाची चूक अकराशें वर्षांपूर्वीं चूक नव्हती. हें त्याला सांगितलें तर तो नियम विसरणार नाहीं.

काळाचे वाक्प्रचारही ह्याच शब्दानें होतात, आणि त्यांना आपल्याप्रमाणें सप्तमी लागत नाहीं. ‘स मातँ’ आज सकाळीं, ‘स स्वार’ आज संध्याकाळीं, ‘सेत स्मेन’ ह्या आठवड्यांत, ‘सेत आने’ यंदा. अंतराचीं शेपटेंही येथें अर्थपूर्ण आहेत: ‘से झूर-सी’ म्हणजे सध्यां, आणि ‘स झूर-ला’ म्हणजे त्या दिवशीं.

घरीं काय करावें

ह्या सर्वांतून वडील माणसांसाठीं तीनच प्रश्न उरतात, आणि ते विचारण्यास फ्रेंच येण्याची आवश्यकता नाहीं. पहिला प्रश्न: वचन कोणतें? अनेकवचन असेल तर ‘से’, आणि काम संपलें. दुसरा: लिंग कोणतें? स्त्रीलिंग असेल तर लांब लिहिलेलें ‘सेत’, आणि काम संपलें. तिसरा केवळ पुल्लिंगासाठीं: लगतचा ध्वनि स्वर कीं व्यंजन? स्वर असेल तर आंखूड ‘सेत’, व्यंजन असेल तर ‘स’. वचन, लिंग आणि संधि, ह्यांतील एक तरी शब्द आपल्याला नवा आहे काय?

रात्रीचें जेवण झाल्यावर पाव तास पुरे. मुलानें घरांतील वस्तूंवर बोट ठेवावें आणि वडिलांनीं क्रमानें हे प्रश्न विचारावे. टेबल: ‘सेत ताब्ल’. दिवा: ‘सेत लांप’. खिडकी: ‘सेत फनेत्र’. सुरी: ‘स कूतो’. अंगणांतलें झाड: ‘सेत आर्ब्र’. पुस्तकांची चवड: ‘से लीव्र’. रोज पांच नामें घेतलीं तर एका महिन्यांत दीडशें होतात, आणि प्रत्येक नाम आपलें लिंग बरोबर घेऊन येतें. दुसऱ्या आठवड्यापासून मध्यें एखादें विशेषण घालून पाहावें, म्हणजे तिसऱ्या प्रश्नाची कसोटी लागेल.

संस्कृत आणि फ्रेंच ह्या एकमेकींच्या सवती आहेत, ही समजूत विषयांच्या रकान्यांतून उत्पन्न झालेली आहे. मराठीच्या जडणघडणीचा पहिला सविस्तर शास्त्रीय इतिहास ज्यूल ब्लॉक ह्या फ्रेंच पंडितानें फ्रेंच भाषेंतच लिहिला. तो १९२० सालीं पॅरिस येथें प्रसिद्ध झाला, आणि पुढें वासुदेव गोपाळ परांजपे ह्यांनीं तो मराठींत आणला. ज्या माणसानें आपल्या ‘हा, ही, हें’ची वंशावळ शोधली त्याची मातृभाषा ही होती. खरी चिंता निराळीच आहे. इंग्रजी शाळांतून शिकणारीं आपलीं कांहीं मुलें आतां ‘तो पुस्तक’, ‘ती घर’ असें बोलूं लागलीं आहेत. ज्या मुलाच्या कानांतून मराठीचें लिंगच निघून गेलें, त्याला फ्रेंचचें लिंग पुन्हां पहिल्यापासून, परक्याप्रमाणें शिकावें लागणार. म्हणून फ्रेंच घेतलेल्या मुलाजवळ घरांतील वडील माणसांनीं बसावें, तें फ्रेंचसाठीं तर खरेंच, पण तितकेंच मराठीसाठीं. ‘सेत मेझों’ म्हणणाऱ्या मुलानें त्याच दमांत ‘हें घर’ असेंही बिनचूक म्हणावें, एवढी काळजी आपण घेतली पाहिजे.